एकट्याचे पत्ते, साठीनंतरचं डोकं

आषाढात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. पोरं पुण्याला, बंगळूरला नाहीतर गोव्यात. सत्तरी ओलांडलेलं माणूस घरात टीव्हीसमोर बसून राहतं. मग कुणीतरी सुचवतं, 'पत्ते खेळत जा, डोकं तल्लख राहतं.' सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. एकट्यानं खेळायच्या पत्त्यांत एक डाव असा आहे की त्यात डोक्याला काडीचं काम नसतं, आणि एक असा की वीस मिनिटांत कपाळावर आठ्या येतात. लोक दोन्हींना 'पेशन्स'च म्हणतात.

आधी एक अडचण बाजूला करू. बेळगाव भागात पत्ते म्हटलं की 'अंदर-बाहर'चे अड्डे आणि त्यांवरचे छापे आठवतात. त्यामुळे कित्येक घरांत, विशेषतः आजींच्या हातात, कॅट कधी आलेलाच नसतो. एकट्याच्या डावात समोर कुणी नसतं आणि पैसा लावायचा प्रश्नच नसतो. फक्त मोबाइलवर 'खेळा आणि पैसे जिंका' म्हणणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे.

आता डोक्यात काय चालतं ते पाहू. बेळगावच्या गणपत गल्लीत भाजीवाली कन्नडमध्ये भाव सांगते, आपण मनात मराठीत बेरीज करतो, आधीच्या कोथिंबिरीचे दहा रुपये लक्षात ठेवतो आणि शंभराच्या नोटेतून किती परत यायचे ते काढतो. या अर्ध्या मिनिटात मेंदू तीन कामं करतो. काही आकडे तात्पुरते धरून ठेवतो, त्यांच्यावर क्रिया करतो, आणि मध्येच कुणी हाक मारली तर तिकडे वळायचं टाळतो. वय वाढतं तशी हीच कामं आधी मंदावतात. शब्दसंपत्ती, जुनी माहिती, हातातलं कसब ही मात्र बरीच टिकून राहतात. म्हणून ऐंशीच्या आजींना साऱ्या गल्लीची नाती पाठ असतात, पण ओटीपीचे सहा आकडे टाइप करेपर्यंत चार निसटतात. पत्त्यांचा डाव उपयोगी पडायचा असेल तर त्यानं याच कामांना हात घालायला हवा: धरून ठेवणं, पुढचं बघणं, आणि मोह आवरणं.

अभ्यास काय सांगतात? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २००३ मध्ये आले. वाचन करणाऱ्यांत, वाद्य वाजवणाऱ्यांत, पट मांडून किंवा पत्ते खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण यावरून 'पत्त्यांनी स्मृतिभ्रंश टळतो' असं म्हणता येत नाही. आजार कळून येण्याच्या कितीतरी वर्षं आधी आतून सुरू झालेला असतो, आणि अशा माणसाला डाव आपोआपच नकोसा होतो. पत्त्यांमुळे डोकं चांगलं राहिलं की डोकं चांगलं होतं म्हणून पत्ते सुरू राहिले, हे नुसतं बघून सुटत नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या २,८३२ ज्येष्ठांचा, २००२ चा. एका गटाला स्मरणाचा, दुसऱ्याला तर्काचा, तिसऱ्याला नजरेच्या वेगाचा सराव दिला, चौथ्याला काहीच नाही. ज्यानं ज्याचा सराव केला, तो मुख्यतः त्यातच सुधारला. यातून आपण घ्यायचं ते इतकंच, की पेशन्स खेळून माणूस पेशन्समध्ये नक्की तरबेज होईल. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवण्याची हमी पत्ते देत नाहीत.

मग खेळायचं कशाला? मेंदूची शिल्लक वाढवायला. बेळगावहून गोव्याला जायला चोर्ला घाट आहे, खानापूर-लोंढ्यावरून अनमोड आहे, आणि लांबून आंबोलीही आहे. चोर्ल्यात दरड कोसळली तरी गोवा तुटत नाही, गाड्या दुसरीकडून जातात. शिक्षण, वाचन, नवी भाषा, डोकं लावावं लागणारे खेळ यांमुळे मेंदूत अशा पर्यायी वाटा राहतात, असं मानलं जातं. दरड त्यामुळे थांबत नाही. वाहतूक जास्त दिवस चालू राहते. पण वाट तयार होते ती नव्या, थोड्या अवघड कामानं. रोज तोच सोपा डाव हात आपोआप खेळू लागले की ती मळलेली जुनी वाट झाली.

घड्याळाचा डाव बंद करा

घड्याळाच्या आकड्यांसारखे बारा ढीग आणि मध्ये तेरावा, प्रत्येकात चार पानं पालथी. मधलं पान उलटायचं, पंजी निघाली तर पाचच्या ढिगाखाली सरकवायची आणि त्या ढिगाचं वरचं पान घ्यायचं. चौथा राजा निघाला की डाव संपला. पुष्कळ घरांत हाच डाव शिकवला जातो, कारण तो दोन मिनिटांत समजतो. त्यात खेळणाऱ्यानं ठरवायचं असं एकही पान नाही. पिसून झालं की निकाल लागलेला असतो, आणि डाव सुटायची शक्यता बरोबर तेरात एक असते. हाताला चाळा म्हणून ठीक. डोक्यासाठी निवडायचा डाव तो, ज्यात दर दोन-तीन पानांनी 'हे की ते?' असं थांबावं लागतं.

सात ओळींचा डाव, पण नीट

क्लोंडाइक म्हणजेच नेहमीचा सॉलिटेअर. डावीकडून सात ओळी, पहिलीत एक पान, दुसरीत दोन, असं सातवीत सात. प्रत्येक ओळीचं शेवटचं पान उघडं. अशी २८ पानं लागतात, त्यांतली २१ पालथी. उरलेली २४ हातातल्या गड्डीत. ओळीत पानं उतरत्या क्रमानं, तांबडं-काळं आलटून पालटून लावायची: काळ्या दश्शीवर तांबडी नव्वी, तिच्यावर काळी अठ्ठी. एक्का दिसला की तो वरच्या चार घरांपैकी एकात जातो आणि त्याच्यावर त्याचीच दुर्री, तिर्री, अशी राजापर्यंत, बदामावर बदाम, किलवरवर किलवर. ओळ रिकामी झाली तर तिथे फक्त राजा बसतो.

आता एक जागा जवळून पाहू. चौथ्या ओळीत इस्पिकची दश्शी उघडी आहे. दुसऱ्या ओळीत बदामाची नव्वी, तिच्याखाली एकच पालथं पान. सहाव्या ओळीत चौकटची नव्वी, तिच्याखाली पाच पालथी पानं. दश्शीवर एकच नव्वी जाईल. कोणती? सवयीचा हात दुसऱ्या ओळीकडे जातो, कारण ती ओळ लवकर रिकामी होईल असं दिसतं. पण राजा हाताशी नसेल तर रिकामी ओळ नुसती पडून राहते. सहाव्या ओळीत पाच पानं अडकलेली आहेत, ती उशिरा सुटली तर डाव तिथेच रुततो. म्हणून राजा दिसत नसेल तर चौकटची नव्वी हलवावी, राजा वाट बघत असेल तर बदामाची. मेंदूचा व्यायाम म्हणतात तो या दहा सेकंदांच्या थांबण्यात आहे.

दुसरी चूक घाईची. एक्के आणि दुर्र्या लगेच वर न्याव्यात, पण त्यापुढची पानं जाईल तितकी वर ढकलू नयेत. बदामाची पंजी वर नेली आणि मग किलवरची चौकी उघडली, तर तिला टेकायला ती पंजी उरत नाही.

गड्डी एकेक पानानं काढली तर डाव सोपा होतो. खरं काम तीन-तीन पानं काढण्यात आहे. तेव्हा पहिल्या फेरीत वर दिसतात ती तिसरं, सहावं, नववं अशी आठच पानं. समजा सहावं पान तुम्ही वापरलं. लगेच त्याच्याखालचं पाचवं मोकळं होतं. शिवाय पुढच्या फेरीत तिसरं पूर्वीसारखंच दिसतं, पण मग नवव्याऐवजी सातवं, दहावं, तेरावं वर येतात. एका पानानं पुढची सगळी फेरी सरकली. हवा असलेला राजा चौदावा असेल तर त्याच्या आधीची दोन पानं वापरावी लागतात, नाहीतर थेट पंधरावं. म्हणजे काही वेळा एखादं पान बसत असूनही सोडून द्यावं लागतं. सुरुवातीला एकाच पानाची जागा लक्षात ठेवायची, महिन्याभरानं दोन. कागदावर लिहून ठेवलं तर हे काम कागदानं केलं.

बेल्जियममध्ये लूवेनच्या संशोधकांनी हाच डाव टॅबलेटवर ४६ ज्येष्ठांना तीन-तीन वेळा खेळायला दिला. २३ निरोगी होते, २३ जणांना स्मरणाचा सौम्य त्रास होता. विचाराला लागणारा वेळ, चुकीच्या चाली अशा खुणांवरून दोन्ही गट बऱ्यापैकी वेगळे ओळखता आले. अभ्यास लहान आहे, त्यावरून घरी कुणाचं निदान करू नये. पण डाव कुठे अडतो याकडे लक्ष देण्याजोगं असतं, एवढं त्यातून दिसतं.

हिशेबाचा डाव

हा इकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि आम्हाला विचाराल तर शाळेत पाढे पाठ केलेल्या पिढीला याच्यासारखा दुसरा डाव नाही. एक एक्का, एक दुर्री, एक तिर्री, एक चौकी काढून शेजारी शेजारी ठेवा. बदाम-इस्पिक काहीही चालेल. एक्क्यावर पानं एकेक वाढत जातात, दुर्रीवर दोन-दोननी, तिर्रीवर तीन-तीननी, चौकीवर चार-चारनी. गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. बेरीज तेराच्या पुढे गेली की तेरा वजा करायचे. चौकीची ओळ अशी: चार, आठ, राणी, तिर्री, सत्ती, गुलाम, दुर्री, छक्की, दश्शी, एक्का, पंजी, नव्वी, राजा. प्रत्येक ओळ राजावरच संपते.

उरलेली ४८ पानं एकेक करून उलटायची. बसलं तर ओळीवर ठेवायचं, नाहीतर खालच्या चार ढिगांपैकी एकावर. ढिगातलं फक्त सर्वांत वरचं पान परत वापरता येतं, आणि एका ढिगातून दुसऱ्यात काही हलवता येत नाही. कौशल्य सगळं ढीग निवडण्यात. हमखास चूक म्हणजे राजा चारही ढिगांवर विखुरणं. राजा सर्वांत शेवटी लागतो, त्यामुळे त्याच्याखाली दबलेली पानं शेवटपर्यंत अडकतात. एक ढीग शक्यतो राजांसाठीच ठेवावा. बाकीच्या ढिगांत लवकर लागणारं पान उशिरा लागणाऱ्याच्या वर येईल असं बघावं. पहिले आठ-दहा दिवस चारही ओळींचा क्रम चिठ्ठीवर लिहून समोर ठेवायला हरकत नाही. मग चिठ्ठी उलटी करून ठेवायची, अडलं तरच बघायची.

यापुढची पायरी फ्रीसेल. आठ ओळी, पहिल्या चारांत सात-सात, नंतरच्या चारांत सहा-सहा, सगळी पानं उघडी, आणि चार मोकळ्या जागा, जिथे एकेक पान तात्पुरतं ठेवता येतं. इथे नशीब जवळजवळ नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या ३२,००० डावांत न सुटणारा एकच, ११,९८२ क्रमांकाचा. हिशेब असा की दोन जागा मोकळ्या असतील तर एका वेळी तीन पानं हलतात, आणि एक ओळही रिकामी असेल तर सहा. चारही जागा सुरुवातीलाच भरल्या की डाव तुंबतो.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन हिंट, ऑटो-मूव्ह आणि शक्य तर अनडू बंद करावं. हिंट दाबलं की विचार ॲपनं केला. अनडू असलं की दोन्ही वाटा करून बघता येतात, आणि मनातल्या मनात पुढची चाल चालून बघायची गरज उरत नाही. नेमकी तीच गरज आपल्याला हवी आहे.

पत्ते, टेबल, उजेड

नेहमीचं पान ६३ मिलिमीटर रुंद असतं. सात ओळी आणि मधली फट धरून किमान ५५ सेंटिमीटर रुंद, साधारण तेवढीच खोल जागा लागते. पाटावर हे मावत नाही. सतरंजीवर मांडी घालून वाकत खेळलं तर गुडघे आणि मान धरतात, आणि चार दिवसांत खेळ सुटतो. जेवणाचं टेबल बरं. आकडे मोठे छापलेले प्लॅस्टिकचे पत्ते घ्यावेत. कागदी पत्ते पावसाळ्यात दमट होऊन एकमेकांना चिकटतात, दोन पानं एकदम उचलली जातात आणि डाव का सुटत नाही ते कळत नाही. कागदी असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. उजेड कमी असला की तांबडी पानंही काळपट दिसतात, म्हणून दिवा बाजूनं, पानांवर पडेल असा हवा.

सुटलेल्या डावानंतर पानं क्रमानं लागलेली असतात, आणि हातावर वरवर पिसून तो क्रम मोडत नाही. दोन गठ्ठे एकमेकांत फुलवून घुसवायची पद्धत असेल तर सात वेळा करावं, हा आकडा १९९२ मध्ये गणितानं काढलेला आहे. बोटं दुखत असतील तर सगळी पानं टेबलावर पालथी पसरून, अंगण सारवताना फिरतो तसा दोन्ही तळव्यांनी हात मिनिटभर फिरवावा. चांगली मिसळतात.

अशा विचाराच्या डावाला रोज वीस ते तीस मिनिटं पुरे. त्याहून जास्त बसलं की लक्ष उडतं, आणि उरलेला वेळ चालण्यातून कापला जातो. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी कारणं मोजणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये १४ कारणं दिली: रक्तदाब, साखर, धूम्रपान, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, हालचाल नसणं, एकटेपणा अशी. ती सगळी सावरली तर सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे. यात एकटेपणा आहे हे महत्त्वाचं. म्हणून आठवड्यातून दोन दिवस एकट्याचा कॅट बाजूला ठेवून बदाम सात, झब्बू, नाहीतर मेंढीकोट मांडावा. किंवा सात ओळींच्याच डावाला नातवाला शेजारी बसवावं. त्याचं काम एकच: प्रत्येक चालीला 'का?' विचारायचं.

सीमाभागाकडे आणखी एक गोष्ट आयती आहे. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं. शाळा न शिकलेल्यांतही फरक दिसला. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. हाही नोंदींवरचाच अभ्यास आहे. पण मराठी-कन्नड रोज वापरणाऱ्याला डाव अवघड करायची सोपी युक्ती यातून सुचते. पान उलटताना तांबडं असेल तर आकडा मराठीत म्हणायचा, काळं असेल तर कन्नडमध्ये: बदामाची सत्ती 'सात', इस्पिकची सत्ती 'एळु'. पाच मिनिटांतच जीभ अडखळते. अडखळली की खेळ मंद होतो. होऊ द्यावा.

स्मरण आधीच कमी झालेलं असेल तर वरचे डाव पुढ्यात ठेवू नयेत. जोड्यांचा डाव मांडावा. सारख्या आकड्यांच्या सहा जोड्या म्हणजे बारा पानं, तीन ओळींत चार-चार. आधी सगळी उघडी दहा सेकंद दाखवायची, मग पालथी करायची. दोन-दोन उलटून जोडी लागली की उचलायची. सहज जमलं तर आठ जोड्या. चुकलं तर 'अहो, आत्ताच तर बघितलंत ना!' असं म्हणू नये. लाज वाटली की माणूस दुसऱ्या दिवशी टेबलाशी येत नाही.

एका वहीत तारीख, डाव, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, आणि कुठे अडलं ते एका ओळीत लिहावं. एखादा डाव आठवडाभर सहज सुटू लागला की वरच्या पायरीवर जावं. उलट, वर्षानुवर्षं खेळलेल्या डावाचे नियमच विसरायला लागले, तांबड्यावर तांबडं पुन्हा पुन्हा ठेवलं जाऊ लागलं, किंवा नेहमीच्या वेळेच्या दुप्पट वेळ लागू लागला, तर आधी डोळे तपासावेत, मोतीबिंदू पुष्कळदा निघतो. मग डॉक्टरांकडून बी-बारा, थायरॉइड, मनाची उदासी आणि चालू असलेली झोपेची औषधं पाहून घ्यावीत. यांतलं काही असेल तर उपचारानं सुधारणा होऊ शकते. देशात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ चा अंदाज आहे. तेव्हा 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नये.

स्मरणाच्या चाचणीला जाताना एक गोष्ट आवर्जून सांगावी: शिक्षण कोणत्या भाषेत झालं. मराठी शाळेत शिकलेल्या आजोबांना पाच शब्द कन्नडमध्ये सांगून परत विचारले, किंवा कन्नड शाळेत शिकलेल्या आजींना मराठीत, तर गुण कमी पडतात आणि नसलेला आजार दिसू शकतो. ज्या भाषेत पाढे पाठ आहेत त्या भाषेत चाचणी मागावी, आणि वही सोबत न्यावी.